‘सगळ्यांना माफ केले’ असे म्हणणाऱ्यांसाठी

नेल्सन मंडेला यांनी सगळ्यांना माफ केले, जुने काही उकरून काढले नाही आणि म्हणूनच दक्षिण आफ्रिकेच्या जखमा भरल्या, असा मजकूर व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असतो. मंडेलांनी सूड घेतला नाही, एवढे खरे आहे. बाकीचे कागदोपत्री टिकत नाही.

माफी सरसकट नव्हती. १९९५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या आणि आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालील सत्य व समेट आयोगाकडे वर्णभेदी राजवटीच्या काळातील गुन्ह्यांसाठी माफीचे सात हजारांवर अर्ज आले, त्यांपैकी ८४९ मंजूर झाले. फेटाळलेल्यांत तुरुंगातल्या साध्या गुन्हेगारांचे अर्ज पुष्कळ होते, हे मान्य. पण १९७७ मध्ये पोलिसांच्या ताब्यात मरण पावलेले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या प्रकरणातील पोलिसांनाही माफी नाकारली गेली, कारण झटापटीत बिकोंचे डोके भिंतीवर आपटल्याची हकिगत आयोगाला पटली नाही. राजकीय हेतू दाखवणे आणि सगळे खरे सांगणे, या माफीच्या अटीच होत्या.

जुने उकरले नाही, हे तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. १९९७ मध्ये केपटाऊनच्या सुनावणीत टोनी येंगेनी या खासदारांनी, आपला छळ करणारे पोलीस अधिकारी जेफ्री बेन्झीन यांना ‘ओल्या पिशवी’चा प्रकार करून दाखवायला लावला. बेन्झीन पालथ्या झोपवलेल्या माणसाच्या पाठीवर बसले आणि कापडी पिशवी त्याच्या डोक्यावर ओढून श्वास कसा कोंडत असू ते त्यांनी सर्वांदेखत दाखवले. वर, छळ सुरू झाल्यावर अर्ध्या तासातच तुम्ही सहकाऱ्याचे नाव सांगितले होते, असे येंगेनींनाच ऐकवले. पुढे बेन्झीन यांना माफी मिळाली. गोड समेटाच्या गोष्टीत हा प्रसंग कोणी घालत नाही, आणि वाचताना मलाही तो पचत नाही.

राहिल्या जखमा. पीडितांना सहा वर्षे, दरवर्षी सुमारे १७ ते २३ हजार रँड (तिथले चलन) द्यावेत, ही आयोगाची शिफारस होती. सरकारने २००३ मध्ये एकरकमी ३० हजारांवर बोळवण केली. आयोगाने खटल्यांसाठी सोपवलेली सुमारे ३०० प्रकरणे बहुतांशी पडूनच राहिली. १९७१ मध्ये पोलीस मुख्यालयातून पडून मरण पावलेले वर्णभेदविरोधी कार्यकर्ते अहमद तिमोल यांनी आत्महत्या केली नव्हती, त्यांचा खून झाला होता, हे न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. असे खटले मुद्दाम दडपले गेले काय, हे तपासण्यासाठी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष सिरिल रामफोसा यांना आणखी एक आयोग नेमावा लागला.