ताई, आधी एकच सांगतो, जुना पीसी भंगारात देऊ नका

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. बाकीचं पुढं बोलतोच पण आधी हात जोडून एक विनंती, तो जुना पीसी भंगारवाल्याला देऊ नका आणि फॉरमॅट तर अजिबात मारू नका. शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ अशा चार वेळच्या दुधाच्या नोंदी गायब आहेत असं तुम्ही लिहिलंय ना, त्या त्याच पीसीत आहेत. सकाळपासून तीनदा फोन लावला, लागला नाही, म्हणून इथंच लिहितोय.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. ताईंचं दूध संकलन केंद्र आहे, साठ-बासष्ट उत्पादक, दर दहा दिवसांनी बिल. जुन्या पीसीवर विंडोज १० होतं, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ त्यावर बसत नव्हतं, म्हणून आमच्या दुकानातून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम, टाकलेला पीसी घेतला आणि सोमवारी दुपारी आमच्या मुलानं येऊन डेटा हलवून दिला. ताईंची तक्रार अशी की चार वेळच्या नोंदी गेल्या, सभासदांची नावं वाचता येत नाहीत, फोटो दिसत नाहीत, आणि विंडोजची फाइल लिनक्सवर चालतच नाही हे माहीत असून आम्ही पैसे घेतले.

नोंदींचं सांगतो. चूक आमची आहे, शंभर टक्के आमची. तुमचं सॉफ्टवेअर नोंदी साठवायला एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस वापरतं, म्हणजे सगळा हिशोब एका फाइलीत. पण सॉफ्टवेअर चालू असताना त्या फोल्डरमध्ये एक नाही तीन फायली दिसतात, मुख्य डीबी म्हणजे डेटाबेसची फाइल, आणि तिच्याच नावाच्या पुढं डॅश वॉल आणि डॅश एसएचएम लावलेल्या दोन. नवीन नोंद आधी त्या वॉल फाइलीत जाते, साधारण हजार पानं (फाइलीचे छोटे ठरावीक तुकडे) साठली किंवा सॉफ्टवेअर नीट बंद केलं की मग ती मुख्य फाइलीत उतरते. संकलन केंद्रावर सॉफ्टवेअर कोण बंद करतं, सकाळ-संध्याकाळ काटा चालू, स्क्रीन तशीच उघडी. म्हणजे शनिवारी दुपारनंतरच्या अडीचशेच्या आसपास नोंदी अजून वॉलमध्येच होत्या, आणि आमच्या मुलानं सॉफ्टवेअर चालू असतानाच मुख्य फाइल तेवढी पेनड्राइव्हवर घेतली, बाकीच्या दोन टेंपररी असतील म्हणून सोडून दिल्या. वर त्यानं फाइल तपासायची कमांडही मारली आणि उत्तर ओके आलं. येणारच, कारण फाइल तुटलेली नव्हतीच, ती फक्त शनिवार दुपारपर्यंतची होती. शेवटच्या पावतीवरचा नंबर आणि नव्या पीसीवरची शेवटची नोंद शेजारी ठेवून बघितली असती तर तिथंच दोन मिनिटांत कळलं असतं. ते त्यानं केलं नाही, आणि तसं कर म्हणून मी त्याला कधी शिकवलं नव्हतं, म्हणून त्याच्यावर ढकलत नाही.

पण विंडोजची फाइल लिनक्सवर चालत नाही हे मात्र बरोबर नाही ताई, आणि हे मी दुकान वाचवायला म्हणत नाहीये, हे वाचून उद्या दुसरा कुणीतरी उगाच घाबरून बसेल म्हणून म्हणतोय. एसक्यूलाइटची फाइल विंडोज, लिनक्स, मॅक, मोबाइल सगळीकडं अगदी तीच असते, काही बदलावं लागत नाही, २००४ मध्ये व्हर्जन ३ आलं तेव्हापासूनच्या फायली आजही उघडतात. अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस डेटा जपून ठेवायला जे फॉरमॅट सुचवते त्यात हा पण आहे. पोस्टग्रेससारखा मोठा सर्व्हर डेटाबेस असता तर गोष्ट वेगळी, त्याचं फोल्डर उचलून दुसऱ्या सिस्टिमवर ठेवून भागत नाही, डंप, म्हणजे सगळ्या डेटाची वेगळी निर्यात, काढूनच न्यावं लागतं. तुमचं तसं नाहीये. शनिवार दुपारपर्यंतच्या सगळ्या नोंदी, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर, रक्कम, नव्या पीसीवर जशाच्या तशा दिसतायत, हे तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय.

नावांचं कारण वेगळंच आहे. तुमच्याकडं सभासदांची नावं युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडं चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या मराठी फॉन्टात टाइप केलेली आहेत. त्यात फाइलीत खरी अक्षरं इंग्रजीचीच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो, आणि तो फॉन्ट नव्या पीसीवर नाही. फॉन्ट टाकला की उद्या नावं दिसतील, पण मला तेवढ्यावर थांबायचं नाही, कारण पुढच्या वेळी पुन्हा हेच होईल, नावं एकदाची युनिकोडमध्ये करून टाकू. त्यात हातानं बघावं लागतं. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार शेवटी, युनिकोडमध्ये बरोबर उलटं, त्यामुळं शिर्के सारखं नाव मशीननं बदललं की वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसू शकते. साठ नावं आहेत, तुमच्या वहीशी ताडून मी स्वतः करतो. फोटोंचं सोपं आहे, डेटात सी ड्राइव्हचा पत्ता लिहिलाय आणि लिनक्सवर सी ड्राइव्ह नसतो, अर्ध्या तासाचं काम.

आता काय करायचं नाही ते. जुन्या पीसीतली फाइल आणून नव्यावर पेस्ट करू नका, सोमवार संध्याकाळपासूनच्या नोंदी पुसल्या जातील. नुसती वॉल फाइल आणून नव्या फाइलीशेजारी पण ठेवू नका, त्यानं फाइलच खराब होऊ शकते. जुना पीसी नीट बंद झाला असेल तर नोंदी मुख्य फाइलीत उतरल्या असतील, नसेल तर वॉलमध्ये असतील, दोन्हीकडून काढता येतात. तिथून फक्त त्या चार वेळच्या नोंदी उचलून नव्यात घालायच्या आणि प्रत्येक वेळचं एकूण लिटर पावत्यांशी जुळवायचं.

दूध बिल वीस तारखेला काढायचं असतं हे मला माहितीये, आणि साठ घरांचे पैसे त्यावर अडलेत हे पण. उद्या सकाळचं संकलन आवरलं की साडेनऊला मी स्वतः येतो, मुलालाही घेऊन येतो, त्याला हे डोळ्यानं बघू दे. चार वेळच्या पावत्यांचे गठ्ठे तेवढे बाजूला काढून ठेवा. डेटा हलवायचे घेतलेले पंधराशे रुपये आज परत पाठवतोय, उद्याच्या कामाचे काही नाहीत. स्टार बदला असं म्हणणार नाही, आधी लिटर जुळू देत.