टॉम अँड जेरीला डीजे लावणाऱ्यांनो

सकाळी सकाळी डोकं फिरलंय. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी टॉम अँड जेरीची क्लिप टाकली, जेरी पुढे, टॉम मागे, आणि मूळचा आवाज काढून टाकून त्यावर हळदीत वाजतं तसलं धाडधाड डीजे गाणं. खाली हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग. मी विचारलं, अरे मूळ म्युझिक कुठाय, तर धाकट्या चुलतभावाचं उत्तर, "ताई, कार्टूनचं काय एवढं, चिल."

कार्टूनचं काय एवढं?? बरं. ऐका मग.

आमचे अण्णा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. इंग्रजीचा गंध नाही. नव्वदच्या दशकात घरी केबल आली, मी शाळेतून आले की कार्टून नेटवर्क लावायचे आणि अण्णा वैतागायचे. मग एकदा पेपर वाचता वाचता, मान वर न करता म्हणाले, "मांजर जिना उतरतंय वाटतं." खरंच उतरत होतं! नुसत्या सुरांवरून ओळखलं. मग तो आमचा खेळच झाला, ते डोळे मिटून बसणार आणि सांगणार, आता दबकत चाललाय, आता आपटला, आता उंदराने काहीतरी आगाऊपणा केलाय, आणि बहुतेक वेळा बरोबर!

हे ज्याने केलं तो स्कॉट ब्रॅडली. एमजीएम स्टुडिओत बसून पावलापावलाला, शेपटीच्या झटक्याला सूर लिहिले त्याने आणि ते वाजवायला खरा ऑर्केस्ट्रा. सात-आठ मिनिटांची गोष्ट, संवाद जवळपास नाहीतच, म्हणजे बोलायचं सगळं काम वाद्यांचं. टॉमची ती किंकाळीसुद्धा विल्यम हॅनाने, म्हणजे दोन दिग्दर्शकांपैकी एकाने, स्वतःच्या घशातून काढलीय. ७ ऑस्कर उगाच नाही मिळाले. त्यातल्याच एकात टॉम काळा कोट घालून लिस्ट नावाच्या संगीतकाराची हंगेरियन ऱ्हॅप्सडी ही पियानोची रचना वाजवायला बसतो आणि जेरी पियानोच्या आत झोपलेला असतो. ते लागलं की अण्णा खुर्ची पुढे ओढायचे. "बोटं बघ त्याची, उगाच नाचवत नाहीये." पेटीवाल्या माणसाचं सर्टिफिकेट आहे हे, अजून काय पाहिजे?

आणि या सगळ्यावर तुम्ही डीजे लावता. लाज नाही वाटत?

रात्री त्याच चॅनेलवर टीएनटी सुरू व्हायचं, जुने हॉलिवूडचे पिक्चर. एरॉल फ्लिनचा १९३८ चा रॉबिन हूड मी तिथेच पाहिला, अण्णांच्या शेजारी बसून, उद्या शाळा आहे म्हणून आई आतून ओरडतेय आणि इकडे ते टेक्निकलरचे हिरवे-लाल रंग, शेवटची जिन्यावरची तलवारबाजी, मध्येच माणसं दिसेनाशी होतात आणि खांबावर नुसत्या सावल्या लढतात! इथेही अण्णांचं लक्ष कान देऊन वाजंत्रीकडेच. तलवार आणि वाजवणारे एका लयीत चाललेत, म्हणाले. ते संगीत एरिक कॉर्नगोल्डचं. व्हिएन्नाचा ज्यू माणूस, १९३८ च्या सुरुवातीला याच कामासाठी हॉलिवूडला आला आणि मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. या पिक्चरने माझा जीव वाचवला, असं तो पुढे सांगायचा. ऑस्करही मिळालं. हे मला फार नंतर वाचनात आलं, अण्णांना सांगायचं राहिलं.

हो, माहितीये, त्या जुन्या कार्टूनांत काळ्या लोकांची टिंगल आहे आणि साहसपटांत गोरा तेवढा शूर, ते आज बघवत नाही, मान्य. आत्ताचं ॲनिमेशनही सगळंच टाकाऊ नाही. झालं? पुढे.

चुलतभावावर तसा राग नाही हो. त्या पोराने हे सगळं फोनवरच बघितलंय, लोकलमध्ये, आवाज बंद करून, त्याला कोण सांगणार की डोळे मिटूनही कार्टून बघता येतं? आम्हीच नाही सांगितलं. राग आहे तो या क्लिपा कापून विकणाऱ्यांवर. दुसऱ्याच्या कामातला अर्धा जीव काढून फेकायचा, वर लाखभर लाईक घ्यायचे आणि क्रेडिटच्या जागी स्वतःच्या पेजचं नाव! भिकारचोट धंदा आहे.

असो, बीपी वाढतंय. कुणाकडे मूळ आवाजातल्या जुन्या टॉम अँड जेरीच्या डीव्हीडी असतील तर इनबॉक्स करा. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठेही येऊन घेऊन जाईन, परत आणून देईन, वडापाव माझ्याकडून. आणि डीव्हीडी प्लेअर चालू स्थितीत असेल तर तोही सांगा, आमच्याचा ट्रे उघडत नाहीये.