पस्तीस चाचे आणि आमचे बेळगावकर

मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ३५ सोमाली चाचे मुंबईला आणून पोलिसांच्या हवाली केले, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. ‘रुएन’ नावाचं मालवाहू जहाज चाच्यांनी डिसेंबरपासून पळवून ठेवलं होतं. आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर नौदलाने ते गाठलं, विमानातून मार्कोस कमांडो उतरवले आणि ४० तासांच्या कारवाईत १७ खलाशी सुखरूप सोडवले. सगळ्यांनी सलाम ठोकले. वडगावच्या मामांना मात्र एक गोष्ट खटकली. “पकडून आणलेत कशाला? तिथंच संपवायचं की! आता आमच्याच पैशानं जेवालेत ते.” त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला.

मामांना हसण्यात अर्थ नाही. बेळगावच्या कॅम्पात मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र, सांबऱ्याला हवाई दलाची प्रशिक्षण संस्था, आणि खानापूरपासून चंदगडपर्यंत ज्या घरातून कुणीच फौजेत गेलं नाही असं घर शोधावं लागेल. आमच्याकडे जवान टीव्हीवर दिसत नाही, तो रजेवर येतो आणि शेताच्या बांधावरून भावकीशी भांडतो. अशा गावाला ‘बळाचा वापर योग्य की अयोग्य’ असं सिंगापुरात बसून विचारणं आगाऊपणाच. तरी विचारतो, कारण इथे माझं पोट जहाजांवर चालतं. आज एका जहाज व्यवस्थापन कंपनीत आहे, आधी इंजिनरूममध्ये होतो, आणि सोमालियाजवळच्या एडनच्या आखातातून चाचेगिरीच्या वाईट वर्षांत गेलेलो आहे.

तेव्हा जहाजाला चारी बाजूंनी काटेरी तारांची भेंडोळी बांधायचो, पाण्याचे पाइप कठड्यावरून बाहेर रोखून ठेवायचो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘सिटॅडेल’ तयार ठेवायचो. सिटॅडेल म्हणजे आतून बंद होणारी जागा, बहुधा इंजिनरूमच्या बाजूची. तिथे पाणी, बिस्किटं, बाहेरशी बोलायला फोन. चाचे चढले की सगळ्यांनी इंजिन बंद करून आत शिरायचं आणि नौदलाची वाट बघायची. यातली मेख अशी की आत सगळेच असले पाहिजेत. एक जरी खलाशी बाहेर सापडला, तरी कमांडोंचे हात बांधले गेले, कारण त्याच्या कानशिलाला बंदूक लागलेली असते. जानेवारी २०२४ मध्ये ‘लीला नॉरफोक’वरचे २१ जण, त्यात १५ भारतीय, असेच आत बसून वाचले. कमांडो चढले तोवर चाचे पळून गेले होते. म्हणजे शौर्य नौदलाचं खरंच, पण त्याला जागा करून दिली ती दार वेळेवर लावणाऱ्या खलाशांनी. बातमीत हे दार येत नाही.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे. जहाज सोडवायला बळ वापरावंच, कचरू नये. पण बदला घ्यायला निघालेल्या बळाची किंमत चाचे चुकवत नाहीत, खलाशी चुकवतात.

‘अस्फाल्ट व्हेंचर’ घ्या. सप्टेंबर २०१० मध्ये १५ भारतीयांसह हे जहाज पळवलं गेलं. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला आपल्या नौदलाने अरबी समुद्रात चाच्यांच्या ‘मदरशिप’, म्हणजे ज्यांच्यावरून ते छोट्या होड्या सोडतात अशा मोठ्या बोटी, एकामागून एक पकडल्या, शंभरावर चाचे मुंबईच्या तुरुंगात आले, देशभर टाळ्या झाल्या. एप्रिल २०११ मध्ये मालकाने खंडणी भरली. जहाज सुटलं, आठ जण सुटले, आणि सात भारतीय चाच्यांनी मागे ठेवून घेतले: आमची माणसं सोडा, मग यांना सोडतो. ते सात जण सुटले ऑक्टोबर २०१४ मध्ये. नौदलाने त्या मदरशिप पकडायला नको होत्या असं मी म्हणत नाही. पण ती साडेतीन वर्षं आमच्या टाळ्यांच्या हिशेबात कुणी धरली?

आणखी एक, मामांच्या ‘तिथंच संपवायचं’साठी. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘आयएनएस तबर’ने एडनच्या आखातात एक मदरशिप बुडवली. तिच्यावरून गोळीबार झाला होता, त्यामुळे प्रत्युत्तराचा अधिकार होताच. नंतर कळलं की ती थायलंडची मासेमारी बोट होती, चाच्यांनी बळकावलेली, आणि तिचे खलाशी आतच होते. पाण्यावर तरंगत राहिलेला एक जण काही दिवसांनी जिवंत सापडला म्हणून हे जगाला समजलं. २०१२ मध्ये केरळच्या समुद्रात ‘एन्रिका लेक्सी’वरच्या इटालियन नौसैनिकांनी चाचे समजून दोन मच्छीमारांना मारलं, तेव्हा आपण सगळे न्याय मागत होतो. समुद्रावर लांबून बघताना मच्छीमार, ओलीस आणि चाचा एकाच होडीत, एकाच लुंगीत दिसतात.

राहिला जेवणाचा प्रश्न. त्या २०११ च्या चाच्यांचे खटले चालले तेव्हा आपल्याकडे चाचेगिरीचा स्वतंत्र कायदाच नव्हता, इतर कलमांखाली काम भागवावं लागलं. शिक्षा व्हायला २०१७ उजाडलं. २०२२ च्या डिसेंबरात संसदेने सागरी चाचेगिरीविरोधी कायदा मंजूर केला, त्यात जन्मठेप आहे आणि चाचेगिरीत कुणाचा जीव गेला तर फाशीचीही तरतूद आहे. ‘रुएन’वरचे ३५ जण या कायद्याच्या कचाट्यात येऊ शकले ते जिवंत पकडले म्हणूनच. त्यांच्या भाताचा खर्च मला परवडतो.

इकडे सिंगापुरात वाद उलट्या टोकाचा. जेवणाच्या सुट्टीत एखादा सहकारी सांगतोच, की परदेशी ट्रॉलरनी सोमालियाचे मासे लुटले, १९९१ पासून तिथे सरकार धड उभं नाही, बिचारे मच्छीमार करणार काय. यात तथ्य आहे, पण अर्धंच. २००५ ते २०१२ या काळात सोमालियाच्या किनाऱ्यावर ३४ ते ४१ कोटी डॉलर खंडणी गेली असा जागतिक बँकेच्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातला मोठा वाटा पैसा लावणाऱ्या सावकारांकडे गेला, होडीतल्या पोराच्या हाती चिल्लर आली. आणि २०११ नंतर हल्ले घटले ते युद्धनौका आणि जहाजांवरचे सशस्त्र पहारेकरी आल्यामुळेही. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांची क्षेपणास्त्रं सुटू लागली, नौदलांचं लक्ष तिकडे वळलं आणि चाचे परत आले. बंदुकीचं काम नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा त्या आखातात रात्रपाळी करावी.

ज्या सामुद्रधुनीच्या काठावर मी राहतो, तिथे काय झालं ते मात्र बेळगावकरांनी ऐकण्यासारखं आहे. मलाक्का एकेकाळी इतकी बदनाम की २००५ मध्ये लंडनच्या विमावाल्यांनी तिला युद्धजोखमीच्या यादीत टाकलं. अमेरिकेने मदत देऊ केली. इंडोनेशिया आणि मलेशियाने ‘आमचं पाणी आम्ही बघू’ म्हणून परकं लष्कर नाकारलं, पण नुसतं नाकारून थांबले नाहीत. जुलै २००४ पासून सिंगापूरसह तिघांनी जोडून गस्त सुरू केली, पुढे एकमेकांच्या हद्दीवरून टेहळणी विमानंही उडू दिली. ऑगस्ट २००६ मध्ये विमावाल्यांनी ते नाव यादीतून काढलं. २००५ मध्ये इंडोनेशियाच्या आचे प्रांतातलं बंड समझोत्याने मिटलं त्याचाही हातभार लागला असणार. छोट्या चोऱ्या आजही होतात, जहाज पळवणं मात्र विरळा.

गस्त सुरू झाली तेव्हा सिंगापूर आणि मलेशियाचा पेद्रा ब्रांका या खडकावरून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला चालू होता, निकाल लागला २००८ मध्ये. हद्दीचं भांडण कोर्टात आणि गस्त पाण्यावर. आपल्या सीमाप्रश्नाचा दावाही महाराष्ट्राने २००४ मध्येच सर्वोच्च न्यायालयात नेला, तो अजून तिथेच आहे. इतक्या वर्षांत आपण कर्नाटकच्या बसला काळं फासायचं आणि पलीकडच्यांनी त्यांच्या बसेस बंद ठेवायच्या, एवढीच आपली संयुक्त कारवाई. मी मराठी शाळेत शिकलेला बेळगावकर आहे, दाव्यावरचा माझा हक्क सोडत नाही. पण दावा चालू असतानाही शेजाऱ्याबरोबर गस्त घालता येते, हे रोज खिडकीतून दिसतं.

ग्रुपवर सध्या वेगळाच विषय आहे. मामांच्या नातवाला जहाजावर जायचंय. कुणी एजंट लाखांत पैसे मागतोय, आखाती देशातल्या कुठल्याशा जहाजावर लगेच लावतो म्हणतोय, आणि घरात भीती आहे ती चाच्यांची. मामांना म्हटलं, आधी त्या एजंटचा नौवहन महासंचालनालयाचा परवाना क्रमांक पाठवा, जहाजाचं नाव आणि आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक) पाठवा, ते बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. पगार थकवून खलाशांना बंदरात टाकून देणारे मालक चाच्यांइतकेच खरे आहेत, आणि त्यांच्यावर कुठलीही युद्धनौका चालून जात नाही.