नाडीपरीक्षा

टूर कंपनीने दिलेल्या छापील यादीत अकराव्या क्रमांकावर लिहिलं होतं, 'चालायला सोयीचे बूट.' मी दुकानात गेलो. "जपानला चाललाय ना काका, मग हेच घ्या, पाय मुरगळायचं नाव नाही," असं म्हणत तिथल्या पोराने माझ्या पायात घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट चढवले. प्रत्येकाला सात-सात भोकांच्या दोन रांगा आणि वर दोन-दोन आकडे. हिमालय चढायला हरकत नव्हती. मुलीने ते व्हिडिओ कॉलवर पाहिले आणि म्हणाली, "बाबा, नाडीचे बूट नका नेऊ. तिकडे सारखे काढावे लागतात."

"आम्हाला शिकवते," मी म्हणालो. "जन्मभर देवळाबाहेर चपला काढतोय."

मेख माझ्याच वाक्यात होती. चपला. विठोबाच्या दर्शनाला कोणी नाडीचे बूट घालून निघाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. आपण चालता चालता चप्पल पायातून झटकतो, ती कुठे पडली हे डोळ्याच्या कोपऱ्याने टिपतो आणि परत येताना तीच, किंवा नशीब जोरावर असेल तर तिच्याहून बरी, घालून निघतो. सगळा मामला तीन सेकंदांचा. बायकोने वेल्क्रोचे बूट घेतले होते. ते उघडताना चर्र असा आवाज येतो. पुढचे दहा दिवस तो आवाज आला की मी समजायचो, ही आत गेली.

आम्ही सव्वीस जण होतो. नागपूरचे काका, डोंबिवलीच्या तिघी बहिणी, सांगलीचे निवृत्त मुख्याध्यापक ज्यांना सगळे सर म्हणायचे, आणि बाकी पुणे-ठाणे. टूर मॅनेजर आमच्या मुलांच्या वयाचा. भगवा झेंडा फोल्डिंगच्या काठीला लावून पुढे चालायचा आणि दर वीस मिनिटांनी थांबून माणसं मोजायचा. त्याच्या जोडीला स्थानिक गाईडबाई, छत्री मिटलेलीच पण उंच धरलेली. झेंडा आणि छत्री यांच्या मधोमध जेवढा जपान दिसेल तेवढा आपला.

क्योतोमध्ये पहिल्याच सकाळी निजो किल्ला. १६०३ साली तोकुगावा इएयासू या शोगुनने, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याने, बांधला. नाव किल्ला असलं तरी आत लाकडी महाल आहे, आणि महाल म्हटला की बूट काढा. तिथे मला पहिल्यांदा कळलं की जपानी बूट काढणं आणि आपलं चपला काढणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. खालच्या जमिनीला मोजा लागता कामा नये आणि वरच्या लाकडाला बूट लागता कामा नये. म्हणजे एक पाय बुटात खाली असताना दुसरा मोकळा करून वर ठेवायचा, मग वरच्यावर तोल सांभाळत खालचा सोडवायचा. चप्पलवाल्याला हे जमतं. चौदा भोकं आणि चार आकडे सोडवणाऱ्याचा बगळा होतो. माझ्यामागे वीसेक जपानी माणसं थांबली होती आणि कोणी काही बोलत नव्हतं. पुण्यात असतं तर कोणीतरी "अहो, हे घरी करून यायचं!" म्हणालं असतं, मी उलट बोललो असतो, आणि दोघांनाही बरं वाटलं असतं. त्या शांत, समंजस, किंचित झुकलेल्या गर्दीपुढे माणूस काय करणार? मी 'सुमिमासेन, सुमिमासेन', म्हणजे माफ करा, माफ करा, म्हणत नाडी ओढली आणि सुटी गाठ निरगाठ झाली.

आत शिरलो तेव्हा आमचा घोळका दोन दालनं पुढे गेला होता. हळूच मागून जाऊन मिसळावं, मॅनेजरला कळू नये, असा माझा बेत. पहिलं पाऊल टाकलं आणि जमीन चिवचिवली. दुसरं टाकलं, पुन्हा चिवचिव. निजोच्या ओसरीची ही ख्याती मला नंतर कळली. फळ्यांखाली लोखंडी पट्ट्या आणि खिळे असे आहेत की वजन पडलं की ते घासून पक्ष्यासारखा आवाज करतात. चोरपावलांनी येणारा पकडला जावा म्हणून हे केलं असं सांगतात. मारेकरी किती पकडले ठाऊक नाही, मी मात्र रंगेहाथ सापडलो. सव्वीसांतल्या पंचवीस माना वळल्या. गाईडबाई १८६७ साली याच महालात शेवटच्या शोगुनने सत्ता सम्राटाला परत करण्याची घोषणा केली ते सांगत होत्या. मी पोचेपर्यंत सत्तांतर झालेलं होतं.

"काका, सगळे आले की मगच पुढे जायचंय," मॅनेजर गोड आवाजात म्हणाला. तो आवाज मला शाळेतून आठवतो.

दुपारी सान्जूसान्गेन्दो. एकशेवीस मीटर लांबीचा लाकडी मंडप आणि त्यात कान्नोनच्या १००१ मूर्ती. मधली बसलेली मोठी, दोन्ही बाजूंना पाचशे-पाचशे उभ्या, प्रत्येकीला अकरा मुखं. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. पुढच्या रांगेत अठ्ठावीस रक्षक देव आहेत, त्यांतले बरेचसे मूळचे आपल्याकडचे. नागपूरचे काका "हा इंद्र, हा ब्रह्मदेव" असं गावाकडचे लोक परदेशात भेटल्यासारखं ओळखत चालले होते. मला तिकडे लक्ष देता आलं नाही, कारण सकाळच्या ओढाताणीत माझा उजवा मोजा अंगठ्यापाशी फाटला होता आणि अंगठा पूर्ण बाहेर आला होता. एक हजार एक मूर्ती, गुणिले अकरा मुखं. अकरा हजार चेहरे आणि त्या सगळ्यांचे डोळे खाली झुकलेले. अवलोकन तर त्यांच्या नावातच आहे. एवढ्या करुणेने माझ्या अंगठ्याकडे आजवर कोणी पाहिलेलं नाही.

"दुसरा मोजा यावर घाला ना," बायको कुजबुजली.

"मग त्या पायात काय घालू?"

"अहो, फाटका तिकडे. तो पाय मागे ठेवून उभे राहा."

त्यानंतर र्‍योआनजीची खडकांची बाग. पांढऱ्या खडीत पंधरा दगड, आणि ओसरीवर कुठेही बसा, एका वेळी चौदाच दिसतात. पंधरावा कोणत्या तरी दगडाआड जातोच. गाईडबाई त्याचा अर्थ सांगत होत्या, अपूर्णता वगैरे, आणि सगळे गंभीर झाले होते. नेमक्या त्याच वेळी मॅनेजर माणसं मोजत होता. "पंचवीस," तो म्हणाला. पुन्हा मोजलं. पंचवीस. डोंबिवलीच्या थोरल्या काकूंनी मान न वळवता सांगितलं, "ते बुटांच्या फडताळापाशी असतील." तेव्हापासून माझं नाव पंधरावा दगड पडलं. माझ्या गैरहजेरीत झालेलं हे बारसं मला बायकोनेच कौतुकाने सांगितलं.

खरं सांगायचं तर क्योतोत मला सगळ्यात आवडलं किन्काकूजी. सोन्याचा वर्ख लावलेली ती इमारत १९५० मध्ये एका तरुण भिक्षूने जाळली आणि १९५५ मध्ये पुन्हा उभी राहिली. तळ्यातलं प्रतिबिंब, पाइनची झाडं, सगळं सुंदरच. पण सगळ्यात सुंदर गोष्ट अशी की तिच्या आत कोणालाच सोडत नाहीत. बुटांसकट लांबून पाहायची आणि निघायचं. फुशिमी इनारीच्या हजारो शेंदरी तोरणांखालूनही मी ताठ मानेने चाललो. चढ चांगलाच होता, सर दम लागून अर्ध्यातून परतले. मी वर गेलो, खाली आलो, नाडीला हात लावावा लागला नाही. दुकानातला तो पोरगा त्या दिवसापुरता बरोबर होता.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. धाकट्या काकू शाकाहारी, आणि प्रत्येक वाडग्यापुढे बसून "यात मासा आहे का?" असं विचारायच्या. गाईडबाई प्रामाणिकपणे वाडग्यात डोकावून "नाही, मासा नाही," म्हणायच्या. मासा दिसत नसे, तो रश्शात आधीच उकळून गाळलेला असे. तिसऱ्या दिवशी हे उघडकीस आल्यावर काकूंनी उरलेला प्रवास हिरवा चहा, भात आणि डब्यातल्या मेतकुटावर काढला. मेतकूट बघून हॉटेलातल्या एका वेटरने ते कसं करतात विचारलं, तेव्हा मात्र त्यांनी पंधरा मिनिटं मराठीत सांगितलं. त्याने वहीत लिहूनही घेतलं. काय लिहिलं असेल हा प्रश्न मला अजून पडतो.

हिमेजीला तर कहर झाला. पांढराशुभ्र, देखणा किल्ला. त्याच्या मुख्य बुरुजाच्या दाराशीच बूट काढून पिशवीत घालायचे आणि ती पिशवी हातात घेऊन सहा मजले चढायचे. जिने असे उभे की वरच्याची टाच खालच्याच्या कपाळावर. आपल्याकडे किल्ला ही बुटाच्या नाड्या आवळून बांधायची जागा. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर कोणी हातात बूट घेऊन चढलाय का? माझे बूट दीड किलोचे. एका हातात ते, दुसऱ्या हातात कठडा, आणि वरून सरांचा आवाज : "खाली बघू नका!"

मग नारा. तोदाईजीच्या महाबुद्धाला बूट चालतात, हे ऐकूनच मी भाविक झालो. पंधरा मीटर उंच बसलेला बुद्ध, कांस्याचा. ७५२ साली याचे डोळे उघडायचा मान भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूला मिळाला, असं गाईडबाईंनी सांगितलं आणि नागपूरच्या काकांनी टाळी वाजवली. "म्हणजे पहिला टूरवाला आपलाच!" ते म्हणाले. तिथल्या एका खांबाला आरपार भोक आहे, बुद्धाच्या नाकपुडीएवढं. त्यातून सरपटत पलीकडे गेलं तर पुण्य लागतं. पोरंटोरं सुळकन जात होती. मी नुसता बघत होतो, तर बायको म्हणाली, "विचारसुद्धा करू नका. हे सोडवायला यांच्याकडे नाडी नाही."

बाहेर उद्यानात हरणं. हजाराच्या वर आहेत, कासुगा देवस्थानच्या देवांची दूत मानतात म्हणून शतकानुशतकं त्यांना जपलेलं आहे, आणि ती ते पुरेपूर जाणून आहेत. त्यांच्यासाठी कोंड्याची बिस्किटं विकत मिळतात. बिस्किट दाखवलं की हरीण मान लववून नमस्कार करतं. बायकोच्या हातात बिस्किटांची चळत, तिच्यापुढे सात हरणं नमस्कार करत उभी, जणू हळदीकुंकवाला आल्यात. मी जरा बाजूला दगडावर बसून सैल झालेली नाडी बांधायला घेतली. एक हरीण माझ्यापुढे आलं. वाकलं. आपणही मागे राहू नये म्हणून मी वाकलो. ते पुन्हा वाकलं, मीही. तिसऱ्यांदा ते वाकलं ते वर आलंच नाही. माझी नाडी त्याच्या तोंडात होती.

देवाच्या दूताशी ओढाताण करणं बरं दिसत नाही, तरी मी केली. टोकाकडची वीतभर नाडी दूताने गिळली, उरलेली लाळेत भिजून तिच्या दोऱ्या झाल्या. मॅनेजर झेंडा घेऊन धावत आला. "काका, बसची वेळ झाली," तो म्हणाला, मग बूट पाहिला आणि गप्प झाला. सव्वीस माणसांच्या टूरची सगळी कलमं त्याला पाठ होती, त्यात हे नव्हतं.

बायकोने पर्स उघडली. त्या पर्समध्ये सुई-दोरा, सेफ्टी पिना, ओवा, हिंगाष्टक आणि एक कापराची वडी असते हे मला ठाऊक होतं. तिने आतल्या कप्प्यातून पांढरी, नवीकोरी, गुंडाळी केलेली परकराची नाडी काढली. "लागते," ती म्हणाली. पिनेला नाडी अडकवून परकरात ओवतात तशीच तिने ती बुटातून ओवली. चौदा भोकांना ती काही पुरली नाही, खालच्या चारांतच संपली. वर नुसती सैल फूल-गाठ. आणि मी पाय घातला तर बूट आपोआप आत गेला. काढला तर आपोआप निघाला. डाव्याचीही नाडी काढून मी ती फक्त खालच्या चार भोकांत ओवून घेतली.

त्यानंतर आमचा मुक्काम कानाझावाला होता. नागामाची भागात सामुराईंचं जुनं घर पाहायला गेलो. बायकोच्या चर्र आवाजाबरोबर मीही आत. मॅनेजरने मोजलं, सव्वीस. त्याने पुन्हा मोजलं, त्याचा विश्वास बसेना. घर पाहून परत आलो तर दाराशी एक वयस्क बाई आमचे बूट उचलून फिरवून ठेवत होत्या, चवडे बाहेरच्या बाजूला, म्हणजे जाणाऱ्याला पाय घालून सरळ निघता यावं. माझ्या बुटापाशी त्या थांबल्या. नाडी बोटांत घेतली, तिची वीण पाहिली, गाठ पाहिली. गाईडबाईंना काहीतरी विचारलं. गाईडबाईंनी मला विचारलं, "त्या म्हणतात, ही भारतातली पारंपरिक वस्तू आहे का?"

मी बायकोकडे पाहिलं. ती डोंबिवलीच्या बहिणींकडे बघत होती आणि चौघींचे खांदे हलत होते.

"हो," मी म्हणालो. "फार जुनी."

बाई वाकल्या. मीही वाकलो.

मुंबईला उतरून रात्री दीड वाजता घरी पोचलो. बॅगा आत ढकलल्या, बूट काढले आणि नकळत उचलून फिरवून ठेवले, चवडे दाराकडे. बायको आतून पाणी घेऊन आली आणि उंबऱ्याशी थबकली.

"आत्ता तर आलात," ती म्हणाली. "परत कुठे निघालात?"