प्रिन्स अडलाय? स्पीडरनवाल्यांचा सराव उचला

जानेवारीत नाशिकला रात्री गोधडीतून हात बाहेर काढवत नाही आणि नेमका तेव्हाच अमेरिकेत ऑसम गेम्स डन क्विक सुरू असतो. जवळपास आठवडाभर, चोवीस तास, एकामागून एक स्पीडरन (म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवणं), आणि त्यातून कर्करोग प्रतिबंधासाठी देणग्या. २०११ पासून हे चाललंय. त्यांची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र, त्यामुळे बघणारे डोळे चोळत बघतात. मग दुसऱ्या दिवशी जोश येतो, शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधला प्रिन्स ऑफ पर्शिया शोधून उतरवला जातो, तिसऱ्या लेव्हलला दार तोंडावर बंद होतं, आणि "ती माणसंच वेगळी" म्हणून विषय संपतो.

माझं म्हणणं असं की ती माणसं वेगळी नाहीत. आपण त्यांच्याकडून चुकीची गोष्ट उचलतो. व्हिडिओत दिसतो तो त्यांचा रस्ता. नवख्याच्या उपयोगाचा असतो तो त्यांचा सराव, आणि तो व्हिडिओत दिसत नाही.

आधी रस्ता का उचलता येत नाही ते बघू. सुपर मारिओ ब्रदर्स घ्या, १९८५ चा. टीव्हीला जोडायचा गेम आणि त्याची पिवळी कॅसेट ज्यांच्या घरात होती त्यांना तो पाठ आहे. त्यात ३२ लेव्हल, पण सगळ्यात वेगवान रनमध्ये खेळतात फक्त आठ: १-१, १-२, तिथून वॉर्प करून (मधल्या लेव्हल टाळणाऱ्या गुप्त वाटेने) ४-१, ४-२, पुन्हा वॉर्प आणि मग ८-१ ते ८-४. निफ्टस्की या टोपणनावाच्या खेळाडूने एप्रिल २०२१ मध्ये ४ मिनिटं ५४.९४८ सेकंदांत हा गेम संपवला. ४:५५ च्या आत येण्याची ती पहिली वेळ.

आता गंमत बघा. हा गेम लेव्हल संपली की लगेच पुढची लावत नाही. दर २१ फ्रेमला (फ्रेम म्हणजे स्क्रीनवर बदलणारं एक चित्र) एकदा तपासतो, म्हणजे साधारण ०.३५ सेकंदाला एकदा. नाशिकच्या निमाणी स्टँडहून दर २१ फ्रेमला एक बस सुटते असं समजा. स्टँडवर पाच फ्रेम आधी पोचलात तरी बस तीच मिळणार. (बसची उपमा स्पीडरनवाल्यांचीच, निमाणी आपली.) म्हणून पहिल्या सात लेव्हलमध्ये वेळ वाचतो तो २१ फ्रेमच्या गठ्ठ्यानेच. ८-४ ला मात्र कुऱ्हाडीला हात लागला की घड्याळ थांबतं, तिथे एकेक फ्रेम मोजली जाते. झेंड्याच्या खांबाखालच्या ठोकळ्यात मारिओला घुसवायचं म्हणजे झेंडा उतरायची वाट बघावी लागत नाही, ही करामत कशासाठी? एक बस आधीची मिळावी म्हणून. ४-२ मध्ये ठोकळ्याच्या कडेला मुद्दाम धडकत मारिओला स्क्रीनवर थोडा उजवीकडे सरकवतात. मग नाण्यांच्या खोलीत नेणारा पाइप वेलीवरच्या वॉर्प झोनला नेतो, कारण पाइप कुठे उघडतो हे स्क्रीन किती सरकली त्यावर ठरतं आणि स्क्रीन अजून तिथवर आलेली नसते.

हे घरी करून बघणाऱ्याला काय मिळतं? त्या खांबाच्या ठोकळ्यावर आपटणं, एवढंच. स्पीडरनवाला तिथे चुकला तर रिसेट मारतो, पुन्हा १-१. आपल्याला दिसतो तो वाचलेला एक रन. खाली पडलेले रन कोणी अपलोड करत नाही. त्यात काही व्हिडिओ टासचे असतात, म्हणजे फ्रेम फ्रेम थांबवून बटणं रचलेली. ते माणसाचं खेळणं नव्हेच. व्हिडिओच्या नावात टास लिहिलं असेल तर शिकण्यासाठी तो बघू नका, चमत्कार म्हणून बघा.

आता प्रिन्सकडे येऊ. जॉर्डन मेकनर यांनी हा १९८९ मध्ये ॲपल टू साठी केला, पुढच्या वर्षी डॉसवर आला, आणि आपल्याकडे सगळ्यांनी पाहिला तो डॉसचाच. १२ लेव्हल, ६० मिनिटं. मेलात तर लेव्हल पहिल्यापासून, पण घड्याळ मागे जात नाही. हीच याची खरी मेख. सरासरी एका लेव्हलला पाच मिनिटं येतात, पण पुढच्या लेव्हल लांब आहेत. चौथी सुरू होताना पन्नासच्या आसपास मिनिटं शिल्लक नसतील तर पुढे ओढाताण होणार हे नक्की. स्पेस दाबली की शिल्लक वेळ दिसतो, ती सवय लावा.

सेव्हच्या बाबतीत बहुतेकजण फसतात. सेव्ह करायचं कंट्रोल-जी तिसऱ्या लेव्हलपासूनच चालतं. ते तुमची जागा सेव्ह करत नाही. लेव्हल, आयुष्याचे त्रिकोण आणि उरलेला वेळ एवढंच ठेवतं. आणि फाइल एकच, प्रिन्स डॉट सॅव्ह. पाचव्या लेव्हलला वीस मिनिटं उरली असताना कंट्रोल-जी दाबलंत की आधीचा चांगला सेव्ह पुसला, आता कितीही सुंदर खेळा, वेळ पुरणार नाही. उपाय सोपा आहे: प्रत्येक चांगल्या सेव्हनंतर ती फाइल वेगळ्या नावाने कॉपी करून ठेवा. नावातच लेव्हल आणि मिनिटं लिहा.

याच न्यायाने शिफ्ट-एलचा मोह आवरा. चीट न लावता ती पहिल्या तीन लेव्हल ओलांडू देते, पण वेळ थेट १५ मिनिटांवर आणते. लॅबमध्ये अर्धा वर्ग याच खड्ड्यात पडत असे.

सरावासाठी मूळ डॉस प्रतीपेक्षा एसडीएलपॉप घ्या. फुकट आहे, मूळ गेम उलगडून पुन्हा लिहिलेला, विंडोजवर थेट चालतो. एफ-६ ने आहे त्या जागी सेव्ह, एफ-९ ने परत तिथेच. सेटिंगच्या आयएनआय फाइलमध्ये क्विकसेव्ह पेनल्टी नावाची ओळ आहे. ती चालू असेल तर एफ-९ दाबताना एक मिनिटापर्यंत वेळ कापला जातो. सराव करताना ती बंद ठेवा, खरा डाव खेळताना एफ-६ला हातच लावू नका. आणि खेळायला बसण्याआधी विंडोजची स्टिकी कीज बंद करा. प्रिन्समध्ये शिफ्ट सतत लागते, आणि पाचदा शिफ्ट दाबली की विंडोज मध्येच खिडकी उघडून विचारतं. नेमकं तेव्हाच, जेव्हा राजपुत्र काठाला लोंबकळत असतो.

आता स्पीडरनवाल्यांचा सराव म्हणजे काय, ते दोन जागांवर दाखवतो.

पहिली जागा, कात्रीसारखी उघडमीट करणारी पाती. बहुतेक जण पळत जातात आणि दोन तुकडे होतात. हा गेम सेकंदाला १२ फ्रेम चालतो, आणि पात्याची एक फेरी १५ फ्रेमची, म्हणजे सव्वा सेकंद. ती ठरलेली आहे, नशिबाचा प्रश्नच नाही. पाती तुम्ही त्यांच्या मजल्यावर आलात की चालू होतात. पद्धत अशी: शिफ्ट धरून बाण दाबत छोट्या पावलांनी पात्याला अगदी खेटून उभं राहायचं. एक-दोन फेऱ्या नुसत्या ऐकायच्या. पातं मिटून उघडायला लागलं की शिफ्ट धरून एक पाऊल पुढे, पार. "उघडलेलं दिसलं" की दाबलंत तर उशीर झाला. "मिटलं" या आवाजावर दाबायचं. पात्याच्या आधी एफ-६ दाबा, दहा वेळा सलग पार होईपर्यंत तेच करा, एकदा मेलात की मोजणी शून्यावर. स्पीडरनवाले असंच करतात. एकदा जमलं म्हणजे येतं असं ते मानत नाहीत.

दुसरी जागा, तिसऱ्या लेव्हलची सुरुवातीची पळापळ. बटणावर पाय, दार वर जातं, मध्ये खड्डे, आणि दार हळूहळू खाली येतंय. इथे माणूस वाटेत हळू पळतो म्हणून उशीर होत नाही, हळू पळताच येत नाही या गेममध्ये. उशीर होतो तो दोन हालचालींच्या मधल्या घुटमळीत. मेकनर यांनी आपल्या भावाला पळताना, उड्या मारताना चित्रित करून त्यावरून चित्रं काढली, त्यामुळे प्रत्येक हालचाल सुरू झाली की पूर्ण होऊनच थांबते. कीबोर्डचं पुढचं बटण ती संपल्यावर दाबून उपयोग नाही, आधीच दाबून ठेवावं लागतं. म्हणून तुकडे पाडा: बटण ते पहिली उडी, पहिली उडी ते दुसरी, शेवटची उडी ते दार. शेवटचा तुकडा आधी शिका, मग त्याच्या मागचा. उलट क्रमाने शिकल्यावर जे नवीन आहे ते सुरुवातीला येतं आणि पाठ झालेलं शेवटी, जिथे हात थरथरतात.

उड्यांमध्ये सगळ्यात जास्त मरण येतं ते शिफ्टमुळे. पलीकडचा काठ पकडायला शिफ्ट लागते, म्हणून लोक ती पळण्याआधीच धरतात. उभं असताना शिफ्ट धरून बाण दाबला की राजपुत्र पळत नाही, मोजकं पाऊल टाकतो. आधी धाव, मग वरचा बाण, पाय जमिनीवरून सुटल्यावर शिफ्ट. आणि काठ कुठे आहे कळत नसेल तर शिफ्ट-पावलांनी जा. काठाशी पहिल्यांदा तो फक्त पायाने चाचपतो, पडत नाही. दुसऱ्यांदा दाबलंत तर मात्र जातो. एक मजला पडलात तर काही होत नाही, दोन मजल्यांना एक त्रिकोण, तिसऱ्याला खेळ खलास. हे दार जिंकल्यावर मात्र गेम दिलदार होतो: त्यापुढे मेलात तर दाराच्या पुढूनच सुरू होतं.

तलवारीत फार सांगण्यासारखं नाही. वरचा बाण म्हणजे अडवणं, शिफ्ट म्हणजे वार. अडवल्या अडवल्या वार. लेव्हल तीनचा सांगाडा मरत नाही, त्याला मागे रेटत खड्ड्यात पाडा. पहिल्या लेव्हलला तलवार न उचलता शिपायापुढे गेलात तर एका घावात संपलात.

आणि इथेच रस्ता उचलण्याचा तोटा कळतो. स्पीडरनवाला आयुष्य वाढवणाऱ्या मोठ्या बाटल्यांकडे वळून बघत नाही, कारण तिकडे जाण्यात वेळ जातो आणि त्याला घाव बसत नाहीत. तुम्ही त्याच्या मागोमाग गेलात तर शेवटचा शत्रू जाफर याच्यासमोर तीनच त्रिकोण घेऊन उभे राहाल. यावरचा उपायही त्यांच्याकडेच आहे, त्याला ते सेफ स्ट्रॅट म्हणतात: दोन-चार सेकंद जास्त जाऊ देत, पण मरायचं नाही. प्रत्येक अवघड जागेला एक वेगवान आणि एक सेफ मार्ग असतो. नवख्याने व्हिडिओ बघताना दुसरा शोधायचा. ज्यात खेळणारा बोलत बोलत समजावतो तो व्हिडिओ निवडा, आणि ग्लिचलेस प्रकारातला, म्हणजे गेममधल्या चुकांचा फायदा न घेता खेळलेला. स्पीडरन डॉट कॉमवर गेमच्या पानावर प्रकार वेगळे लावलेले असतात आणि बऱ्याच ठिकाणी मार्गदर्शकही असतात.

"सेव्ह करून शिकणं म्हणजे चीटिंग" हा युक्तिवाद कमेंटमध्ये येणार, म्हणून आधीच सांगतो: मला तो पटत नाही. सगळी स्पीडरन मंडळी सेव्ह स्टेटवरच सराव करतात. रनमध्ये वापरत नाहीत, इतकंच. तबल्यावर एक तिहाई शंभरदा घोकणाऱ्याला कोणी लबाड म्हणत नाही.

हाताखालच्या यंत्राबद्दलही थोडं. फ्लॅट टीव्हीवर खेळत असाल तर सेटिंगमध्ये गेम मोड लावा, नाहीतर टीव्ही चित्र सजवत बसतो आणि बटण उशिरा पोचल्यासारखं वाटतं. मारिओ, काँट्रा एम्युलेटरवर (कॉम्प्युटरवर जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रामवर) लावून "आता हात चालत नाहीत, वय झालं" म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. आपल्याकडचे ते कॅसेटवाले गेम बहुतेक ५० हर्ट्झच्या पाल टीव्हीसाठी केलेल्या नकला होत्या, आणि त्यात ६० साठी बनलेला गेम सुमारे सतरा टक्के संथ चालायचा. एम्युलेटरवर तो पहिल्यांदाच खऱ्या वेगात धावतोय. वय झालं असेलही, पण दोष सगळा त्याचा नाही. काँट्राला मात्र हात नाही आले तर वर वर खाली खाली डावीकडे उजवीकडे डावीकडे उजवीकडे बी ए स्टार्ट आहेच, तीस जीव घ्या आणि लेव्हल पाठ करा. एमजी रोडवर यूएसबी कंट्रोलर घेताना दुकानातच त्याचा प्लसच्या आकाराचा पॅड दाबून बघा. उजवीकडे दाबताना वरचाही लागत असेल तर तो घेऊ नका, मारिओ नाही पण प्रिन्स नक्की मरेल.

एक विनंती. प्रिन्सची चौथी, आठवी आणि बारावी लेव्हल खेळण्याआधी त्यांचा कुठलाही व्हिडिओ बघू नका. तिथे जे आहे ते बोटांचं कोडं नाही, डोक्याचं आहे, आणि एकदा बघितलं की ते कायमचं गेलं. आठवीत अडकलात, सगळी दारं बंद झाली, तर कंट्रोल-ए दाबून लेव्हल पुन्हा सुरू करू नका. थोडा वेळ उभे राहा. बारावीत आपल्याच सावलीशी लढताना आपलेच त्रिकोण कमी होत असतील तर तलवार उगारण्याआधी खालच्या बाणाचा विचार करा. याहून जास्त मी सांगणार नाही, कमेंटमध्येही कोणी सांगू नये.