‘कृत्रिम रंगाची भेसळ’ या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

सप्रेम नमस्कार. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून परतताना आपण आमच्याकडून नेलेल्या लाल हर्बल चहाचा रंग थंड पाण्यातच सुटला, म्हणजे त्यात भेसळ आहे, शिवाय ज्येष्ठमध असल्याचे पाकिटावर नीट दिसत नाही, असे लिहून आपण एक तारा दिला आहे. ज्येष्ठमधाची चूक आमचीच. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या आपल्या आईंनी दोन दिवस तो चहा घेतला, हे वाचून फार वाईट वाटले, कारण ज्येष्ठमधाच्या नेहमीच्या सेवनाने पोटॅशियम कमी होऊन रक्तदाब वाढू शकतो आणि आमच्या लेबलावर तो शब्द मागे, बारीक अक्षरांत होता. मनापासून क्षमस्व.

भेसळीचा आरोप मात्र आम्हाला मान्य नाही. थंड पाण्याची चाचणी चहाच्या काळ्या पत्तीसाठी आहे. वापरलेली पत्ती वाळवून, रंगवून पुन्हा विकतात, ती तिच्यात पकडली जाते. आमच्या मिश्रणात पत्ती नाहीच. त्यात लाल अंबाडीच्या बोंडांच्या वाळवलेल्या पाकळ्या आहेत आणि त्यांचा नैसर्गिक रंग गार पाण्यातही उतरतो. त्याच पाण्यात लिंबू पिळून पाहा, लाली उजळेल. दुसऱ्या पेल्यात चिमूटभर खायचा सोडा टाका, पाणी निळसर-हिरवट होईल. आपण दुकानात विचारले असते तर हे काउंटरवरच करून दाखवले असते. आपण रात्री साडेअकराला फोटो टाकलात आणि सकाळी दुकान उघडण्यापूर्वीच दोन जुन्या गिऱ्हाइकांचे फोन आले.

हर्बल म्हणजे निर्धोक, असे आम्ही कधीच सांगत नाही. कापणीत खुळखुळ्यासारखे तण मिसळले तर त्यातील पायरोलिझिडिन अल्कलॉइड ही वनस्पतीजन्य विषारी द्रव्ये चहात उतरतात, ती यकृताला घातक असतात आणि उकळूनही जात नाहीत. युरोपीय संघाने २०२२ पासून हर्बल चहात त्यांची मर्यादा लागू केली आहे. म्हणूनच आम्ही गवती चहा ओळखीच्या कुळागरातूनच (पोफळी-मसाल्याच्या बागेतूनच) आणतो आणि माझी पत्नी तो सुपात काडी-काडी निवडते. अशा घरावर ‘भेसळ’ हा शब्द लागला, याचे दुःख होते.

ज्येष्ठमधाची सूचना यापुढे पाकिटाच्या दर्शनी भागावर असेल, इतरही सुधारणा सुरू आहेत. आईंसाठी ज्येष्ठमध नसलेले पाकीट वेगळे काढून ठेवले आहे. सोड्याची चाचणी करून पाहिल्यावर पटले, तर तेवढा एक शब्द कृपया मागे घ्यावा.