क्यूबा मॉस्कोने बुडवला? तारखा वेगळंच सांगतात

क्यूबाबद्दलचा एक मजकूर सध्या खूप फिरतोय: ‘क्यूबा स्वतंत्र, श्रीमंत आणि लोकशाही देश होता. १९५९ मध्ये मॉस्कोच्या हस्तकांनी कम्युनिस्ट क्रांती केली आणि एका रात्रीत त्याचं वाटोळं झालं.’ यातला एकेक शब्द तपासायला हवा.

‘स्वतंत्र’. क्यूबन लोक १८६८ पासून स्पेनशी लढत होते. स्वातंत्र्यलढ्याचे नेते होसे मार्ती १८९५ मध्ये लढाईतच मारले गेले. तरी स्पेन-अमेरिका युद्ध संपवणाऱ्या १८९८ च्या पॅरिस तहाला क्यूबनांना बोलावलंच नाही. तह केला स्पेन आणि अमेरिकेने. १९०२ चं स्वातंत्र्य मिळालं तेही घटनेत प्लॅट दुरुस्ती घालून घेतल्यावर. क्यूबात हस्तक्षेप करायचा हक्क त्या दुरुस्तीने अमेरिकेला दिला, आणि १९०६ ते १९०९ तिथे अमेरिकेचाच अंमल होता. दुरुस्ती १९३४ मध्ये गेली, तिच्या आधारे अमेरिकेने घेतलेला ग्वांतानामोचा नौदल तळ आजही आहे.

‘लोकशाही’ हा शब्द अगदीच खोटा नाही. १९४० ची घटना चांगली होती, १९४४ च्या निवडणुकीत सत्ताबदलही झाला. पण १० मार्च १९५२ ला माजी राष्ट्राध्यक्ष बातिस्ताने लष्कराच्या जोरावर सत्ता बळकावली आणि तोंडावर आलेली निवडणूक रद्द केली. त्या निवडणुकीला उभ्या राहिलेल्यांत फिदेल कॅस्ट्रो नावाचा तरुण वकील होता, पुढे १९५९ च्या क्रांतीचा नेता झालेला. लोकशाही मोडली ती बातिस्ताने, कॅस्ट्रो सत्तेवर येण्याच्या सात वर्षं आधी.

श्रीमंती हवानात होती. खेड्यांत १९५३ च्या जनगणनेनुसार चाळीस टक्क्यांहून जास्त लोक निरक्षर होते आणि ऊसतोड संपली की मजुरांना पुढचे कित्येक महिने काम नसे.

आता मॉस्को. कॅस्ट्रोने १९५३ मध्ये लष्कराच्या मोंकादा बराकींवर हल्ला केला, तेव्हा क्यूबाच्या कम्युनिस्ट पक्षानेच त्याला धिक्कारलं. पक्ष त्याच्या बाजूला आला थेट १९५८ मध्ये. क्रांती झाली तेव्हा सोव्हिएत संघाशी राजनैतिक संबंधसुद्धा नव्हते, ते मे १९६० मध्ये पुन्हा जुळले. त्याचा भाऊ राऊल कॅस्ट्रो आणि साथीदार चे गेव्हारा मार्क्सवादी होते, हे खरंच. पण कॅस्ट्रोने सिएरा माएस्त्राच्या डोंगरातून लढताना दिलेलं वचन १९४० ची घटना परत आणण्याचं होतं आणि लोकांनी साथ दिली ती त्या वचनाला.

‘एका रात्रीत’ तर काहीच घडलं नाही. मे १९५९ मध्ये जमीन सुधारणा कायदा आला. जून १९६० मध्ये परदेशी तेल कंपन्यांनी सोव्हिएत तेल शुद्ध करायला नकार दिला, क्यूबाने त्यांचे कारखाने ताब्यात घेतले. जुलैत अमेरिकेने क्यूबाकडून घ्यायच्या साखरेचा ठरलेला कोटा तोडला, तर ती साखर सोव्हिएत संघाने उचलली. क्रांती समाजवादी असल्याचं कॅस्ट्रोने जाहीर केलं १६ एप्रिल १९६१ ला, अमेरिकेच्या पाठिंब्याने निर्वासित क्यूबनांनी केलेल्या बे ऑफ पिग्जच्या हल्ल्याच्या आदल्या दिवशी.

पण म्हणून सगळा दोष वॉशिंग्टनवर ढकलणंही मला मान्य नाही. वचन दिलेली निवडणूक कॅस्ट्रोने घेतलीच नाही. आणि त्याच्याच सैन्यातला कमांडर उबेर मातोस याने वाढत्या कम्युनिस्ट प्रभावाला विरोध करून राजीनामा दिला, तेव्हा त्याला डिसेंबर १९५९ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. मॉस्कोशी पहिला व्यापार करार व्हायला अजून दोन महिने होते.